कागद भिजण्याआधी त्यावरचा नंबर लिहून ठेवा

वरच्या मजल्यावरचा पाइप रात्री कधीतरी फुटला. सकाळी आम्ही पाहिलं तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात होता आणि त्या कप्प्यात आईची फाइल होती. हिरव्या पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. नाडी सोडली तर पुठ्ठ्याचा हिरवा रंग वरच्या चार कागदांवर उतरलेला, आणि त्याखालचे कागद एकमेकांना चिकटून त्यांची जाड वडी झालेली. एका दाखल्यावरचा गोल शिक्का निळ्या डागासारखा पसरला होता. सही पार विरघळली होती. पण त्याच दाखल्याच्या कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेनानं लिहिलेला नोंदणी क्रमांक मात्र जसाच्या तसा होता. पुढे तोच कामाला आला. क्रमांक सांगितला आणि आठवड्याभरात नवा दाखला हातात पडला. ज्या कागदांवरचे क्रमांक वाचताच येईनात, त्यांच्यासाठी आई वर्षभर फेऱ्या मारत होती.

हे का झालं ते समजून घेतलं की कागदपत्रं सांभाळण्याचं अर्धं काम सोपं होतं. आपल्या कपाटातला बहुतेक कागद हा कुठल्या तरी नोंदीचा उतारा असतो. मूल जन्मलं की त्याची नोंद एका रजिस्टरात बसते. आपल्याला मिळतो तो त्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा. पदवीचं तसंच, वाहन परवान्याचं तसंच, विम्याच्या पॉलिसीचंही तसंच. कागद गेला तरी नोंद जागेवर असते. पण रजिस्टरात लाखो नोंदी असतात आणि त्यातून आपली नेमकी काढायला समोरच्या माणसाला चार गोष्टी लागतात. क्रमांक, तारीख, कार्यालयाचं नाव, आणि आपलं नाव तिथे ज्या स्पेलिंगनं लिहिलं आहे ते. या चार गोष्टी सांगता आल्या तर काम दिवसांचं. नाही आल्या तर महिन्यांचं.

नोंद ठेवणारी जागाच जळाली तर काय होतं, हे अमेरिकेनं १९७३ मध्ये पाहिलं. सेंट लुईस शहराजवळच्या सरकारी केंद्रात माजी सैनिकांच्या सेवेच्या फाइली ठेवलेल्या होत्या. १२ जुलैला तिथे आग लागली आणि चार दिवस धुमसत राहिली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली नष्ट झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म (कागदांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो) नव्हती, आणि कुणाची फाइल तिथे होती याची साधी सूचीही आगीआधी केलेली नव्हती. म्हणजे काय गेलं हेसुद्धा नेमकं सांगता येईना. त्यानंतर आजवर तिथले कर्मचारी एकेका सैनिकाची माहिती पगाराच्या पावत्या, दवाखान्यातल्या नोंदी अशा दुसऱ्या ठिकाणच्या कागदांवरून पुन्हा जुळवत आले आहेत. या सगळ्यात सूची नव्हती ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते. कोट्यवधी फाइलींची प्रत काढणं अवघड होतं हे कळतं, पण घरातल्या वीस-पंचवीस कागदांची यादी करायला एक दुपार पुरते, आणि ती दुपार आपल्यातले बहुतेक जण काढत नाहीत.

आधी कागद जमिनीवर मांडा

कपाट, ट्रंक, गादीखालची पिशवी, जुन्या पर्सचा आतला कप्पा, सगळीकडचे कागद एकदा जमिनीवर काढा. प्रत्येक कागद हातात घेऊन एकच विचारा. हा आज गेला तर दुसरा मिळेल का, आणि कोणाकडून?

काही कागदांचं उत्तर ‘नाही’ असं येईल. स्वतःच्या हातानं सही केलेलं मृत्युपत्र, कुठेही नोंदणी न केलेला करारनामा, हातउसने दिले तेव्हा घेतलेली चिठ्ठी, आजोबांची पत्रं, निगेटिव्ह हरवलेले फोटो. यांच्या मागे कुठलंही रजिस्टर नाही. जे काही आहे ते त्या एका कागदात आहे. मृत्युपत्राचं तर फार जपावं लागतं. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या अनेक देशांत असा नियम आहे की मूळ मृत्युपत्र करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि तो गेल्यावर ते सापडलं नाही, तर त्यानं ते स्वतःहून फाडून रद्द केलं असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं वारसांवर येतं. घरात झेरॉक्स आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या कुटुंबाला हे फार उशिरा कळतं. असे कागद थोडेच निघतील, पण तुमची सगळ्यात चांगली जागा, सगळ्यात चांगली पेटी त्यांच्यासाठी राखून ठेवा. घराचं मूळ खरेदीखतही मी यांच्यातच धरते. त्याची प्रमाणित नक्कल मिळू शकते, तरी विक्रीच्या किंवा कर्जाच्या वेळी समोरचा माणूस मूळ कागदच मागतो.

मोठा गठ्ठा निघेल तो नोंदीच्या उताऱ्यांचा. जन्म, विवाह, मृत्यू यांचे दाखले, पासपोर्ट, परवाने, गुणपत्रिका, पॉलिसी, बँकेची कागदपत्रं. हे सगळं पुन्हा मिळतं. फक्त त्यात एक पेच आहे. ओळखपत्राची दुसरी प्रत मागायला गेलात की आधी ओळखपत्र दाखवा म्हणतात. सगळीच ओळखपत्रं एका पाकिटात असतील आणि ते पाकीटच गेलं, तर सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. म्हणून जन्माचा दाखला आणि निदान एक फोटो असलेलं ओळखपत्र ही दोन एकमेकांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक गेलं तर दुसऱ्याच्या आधारानं बाकीचं उभं करता येतं.

उरलेला ढीग बिलं, जुनी स्टेटमेंटं, वॉरंटी संपलेल्या वस्तूंची कार्डं यांचा. यातलं बरंचसं आता ऑनलाइन मिळतं. बिनकामाचं फाडून टाका. जाडजूड फाइल ही स्वतःच एक धोका असते. धावपळीत ती कुणाला उचलवत नाही, आणि उचललीच तर हवा तो कागद त्यात सापडत नाही.

एक गोष्ट या तिन्हींत बसत नाही आणि म्हणून हमखास राहून जाते. औषधांचं सध्याचं प्रिस्क्रिप्शन, शस्त्रक्रियेचे डिस्चार्जचे कागद, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, चष्म्याचा नंबर, बाळाचं लसीकरणाचं कार्ड. घराचे कागद महिन्यानं लागतील, पण साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीचं नाव आणि डोस पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. घरात वयस्कर माणूस असेल तर हे पान मी सगळ्यांच्या वर ठेवीन.

यादी कशी करायची

माझ्या मावशीकडे एक शंभरपानी वही आहे. घरातल्या प्रत्येक माणसाला दोन पानं. डावीकडे कागदाचं नाव, उजवीकडे क्रमांक, तारीख, कुणी दिला, मूळ कागद कुठे ठेवला आहे. माझ्या मावसभावाच्या जन्मदाखल्यासमोर तिनं लिहिलं आहे, ‘आडनावात एक अक्षर जास्त पडलं आहे, शोधताना तसंच सांगणे.’ ही एक ओळ किती फेऱ्या वाचवेल याचा हिशेब नाही. नोंद चुकीच्या स्पेलिंगनं झाली असेल तर बरोबर स्पेलिंगनं शोधून ती सापडणार नाही.

दाखल्यावर बहुतेक वेळा दोन तारखा असतात. नोंद झाली ती, आणि दाखला हातात दिला ती. दोन्ही लिहा, पण रजिस्टर उघडायला पहिली लागते. पासपोर्टसारख्या मुदतीच्या कागदांची संपायची तारीख लिहा. पॉलिसीसमोर दाव्यासाठीचा फोन नंबर लिहा. बँकेच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कार्ड बंद करायचा नंबर एवढं पुरे. पूर्ण कार्ड नंबर, पिन, पासवर्ड या वहीत अजिबात लिहायचे नाहीत, कारण वही चुकीच्या हाती पडली तर तिच्यातून कुणाला पैसे काढता येता कामा नयेत.

एक पान फोन नंबरांसाठी ठेवा. आता आपल्याला स्वतःच्या भावाचाही नंबर तोंडपाठ नसतो. फोन बंद पडला किंवा वाहून गेला की माणसं असून नसल्यासारखी होतात.

लिहायचं शिसपेन्सिलीनं किंवा साध्या बॉलपेनानं. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. बॉलपेनाची शाई तेलकट असते, ती बऱ्यापैकी टिकते. फाउंटन पेनाची आणि कित्येक जेल पेनांची शाई पाणी लागताच पसरते. वहीच्या झेरॉक्स काढून एक संच घराबाहेर ठेवा, शक्यतो दुसऱ्या गावात राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडे. त्याच गल्लीत दिलात तर एकाच पुरात दोन्ही जातील.

आणि यादीला जोडून एक सोपं काम. फोनचा कॅमेरा सुरू करून घरभर एक फेरी मारा. कपाटं उघडून दाखवा, फ्रिज आणि टीव्हीच्या मागचा अनुक्रमांक जवळून टिपा, कुठली वस्तू कधी घेतली ते बोलत चला. पुढे विम्याचा दावा करावा लागला तर ‘घरात काय काय होतं’ हे आठवून लिहिण्यापेक्षा हा दहा मिनिटांचा व्हिडिओ कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

पाणी हा मोठा शत्रू

आगीची भीती सगळ्यांना वाटते, पण घरातले कागद पाण्यानंच जास्त खराब होतात. पूर येतो, छत गळतं, नळ फुटतो, भिंतीला ओल येते. आग लागली तरी ती विझवायला पाणीच मारतात, त्यामुळे जळण्यातून वाचलेले कागदही शेवटी भिजलेलेच हाती येतात.

म्हणून जागा निवडताना जमिनीला टेकलेला कप्पा नको, आणि अगदी छताजवळचा माळाही नको. माळ्यावर गळती पहिली येते आणि आगीत धूर आणि उष्णता वरच साठते. मोरीला किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकला लागून असलेली भिंत टाळा. छातीच्या उंचीचा, आतल्या कोरड्या भिंतीवरचा कप्पा चांगला.

आता कव्हरांचं. बाजारात मिळणारी मऊ, चकचकीत, तीव्र वासाची प्लास्टिक कव्हरं बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांना मऊ ठेवण्यासाठी घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येतात आणि झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटची अक्षरं चक्क कव्हराला चिकटून उचलली जातात. जुन्या फाइलमधून कागद ओढून काढल्यावर प्लास्टिकवर उलटी अक्षरं दिसली असतील, तो हाच प्रकार. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरचं कव्हर घ्या. ते जरा कडक असतं आणि त्याला वास नसतो. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजतात आणि गंजाचा डाग कागद खातो. रबरबँड वितळून चिकटतं. बांधायचंच असेल तर सुती नाडी घ्या, तीही पांढरी.

लॅमिनेशनबद्दल मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण लोक ते चांगल्या हेतूनं करतात. लॅमिनेशन म्हणजे कागदावर प्लास्टिक गरम करून कायमचं चिकटवणं. ते मागे फिरत नाही. उठावाचा शिक्का दबतो, कागदाचा पोत हाताला लागत नाही, त्यामुळे कागद खरा आहे का हे तपासता येत नाही आणि अनेक कार्यालयं असा कागद नाकारतात. त्यातून कडा जरा जरी सुटली तर पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे आतल्या आत बुरशी धरते. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. हवं तर त्याच्या झेरॉक्सला करा.

दुकानातल्या आणि एटीएमच्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसतेच. त्या कागदावर उष्णतेनं काळं पडणारा थर असतो. उन्हात किंवा गरम जागी अख्खी पावती काळी पडते, आणि प्लास्टिकच्या कव्हरात ठेवली तर अक्षरं फिकी होत जातात. वॉरंटीसाठी लागणारी पावती घरी आणल्याबरोबर तिची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या. सहा महिन्यांनी काढू म्हटलं तर कोरा कागद हाती येईल.

कव्हरात घातलेले कागद मग झिपच्या जाड पिशवीत, आणि ती पिशवी तोंडाची गुंडाळी करून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवा. ट्रेकिंगला किंवा नावेत नेतात तशी. बंद करण्याआधी कागद पूर्ण कोरडे असू द्या आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची एखादी पुडी टाका. दमट दिवसात बंद केलेली पिशवी आतला दमटपणाही जपून ठेवते. पिशवीवर आयपी ६७ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ती १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकेल अशी चाचणी झाली आहे. पुरात चार दिवस बुडून राहिली तर टिकेलच असा त्याचा अर्थ होत नाही.

लोखंडी कपाट आगीत भट्टी होतं

चोरापासून वाचवणारी तिजोरी आणि आगीपासून वाचवणारी तिजोरी या वेगळ्या वस्तू आहेत. नुसत्या जाड पोलादाची पेटी तुटत नाही, पण उष्णता आत घेते. कागद सुमारे २३० अंश सेल्सिअसला पेट घेतो आणि त्याच्या बरंच आधी करपून ठिसूळ होतो. पेटत्या खोलीतलं तापमान याच्या कितीतरी वर जातं. अग्निरोधक पेटीच्या भिंतीत पाणी धरून ठेवणारं मिश्रण भरलेलं असतं. ते तापलं की त्यातलं पाणी वाफ होऊन उष्णता खेचून घेतं आणि आतलं तापमान आटोक्यात राहतं. कागदासाठीच्या अमेरिकी मानकात आतलं तापमान १७७ अंशांवर जाता कामा नये अशी अट असते, अर्धा तास, एक तास किंवा त्याहून जास्त वेळ. पेटी घेताना तिच्यावर हा वेळ आणि हे तापमान छापलेलं आहे का ते पाहा. ‘फायरप्रूफ’ एवढ्या एका शब्दाला काही किंमत नाही.

इथे एक गोम आहे. १७७ अंशांना कागद वाचतो, पण पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क वाचत नाही. त्यांच्यासाठीच्या मानकात मर्यादा ५२ अंशांची आहे. आणि साधं पॉलिथिन १०५ ते १३० अंशांना वितळतं, म्हणजे अग्निरोधक पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद आगीतून वाचेल पण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये लडबडून निघेल. म्हणून अशा पेटीत कागद जाड कागदी लिफाफ्यात ठेवावेत, आणि पेटी स्वतःच पाणी अडवणारी घ्यावी. या पेट्यांच्या भिंतीतला ओलावा एरवीही थोडा आत येत असतो, तेव्हा अधूनमधून पेटी उघडी ठेवून हवा लागू द्या. आगीनंतर पेटी मिळाली तर पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. आतला तापलेला कागद ताजी हवा मिळताच पेटू शकतो.

अशी पेटी परवडत नसेल तर खंत करू नका. पुन्हा न मिळणारे ते मोजके कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तरी भागतं. फक्त मृत्युपत्र तिथे ठेवायचं तर विचार करून. लॉकरधारक गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद लागतात, आणि नेमका तोच कागद आत असतो.

फोनमधली प्रत

स्कॅन करायचंच. ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, पुरेसं असतं. दोन्ही बाजू, चारही कोपरे, मागचे शिक्केसुद्धा. फोनच्या कॅमेऱ्यानं काढत असाल तर खिडकीजवळच्या उजेडात, सावली न पडू देता, आणि काढल्यावर मोठं करून सगळ्यात बारीक अक्षर वाचता येतंय का ते पाहा. फाइलला नाव असं द्या की दुसऱ्या माणसालाही शोधता येईल. ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे या नावातून रडकुंडीला आलेल्या माणसाला काही सापडत नाही. घरच्यांना पाठवताना मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते आणि बारीक अक्षरं जातात.

या प्रती किती ठेवायच्या याचा एक सोपा हिशेब संगणकवाले सांगतात, तीन-दोन-एक. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. पेन ड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका. नुसता पडून राहिलेला पेन ड्राइव्ह काही वर्षांनी माहिती विसरू शकतो. फाइली पासवर्डनं बंद करून ठेवा, कारण सगळ्या ओळखपत्रांच्या स्वच्छ प्रती एकत्र मिळणं म्हणजे भामट्याच्या हाती घबाड.

आणि आता ज्यात बहुतेक जण अडकतात ते. सगळं क्लाउडवर ठेवलं आहे. फोन हरवला. दुसऱ्याच्या फोनवरून खातं उघडायला गेलात तर ओटीपी येतो तो हरवलेल्या फोनवर. नवं सिम घ्यायला ओळखपत्र लागतं. ओळखपत्र क्लाउडवर आहे. या चक्रातून सुटायला एक सोय बहुतेक सेवांनी दिलेली असते, ती म्हणजे बॅकअप कोड, ओटीपीच्या जागी वापरायचे आधीच काढून ठेवलेले आकडे. खात्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ते मिळतात. कागदावर छापून घ्या आणि बंद लिफाफ्यात, घराबाहेरच्या त्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. शिवाय मोठ्या संकटात वीज आणि नेटवर्क पहिल्या तासातच जाऊ शकतात. त्या दोन-तीन दिवसांत कागदच चालतो.

दारापर्यंत नेणारी पिशवी

जलरोधक पिशवी तयार झाली की ती कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत हवं, आणि कोण उचलणार ते आधी ठरलेलं हवं. ‘तू घेतलीस वाटलं’ हे वाक्य जिन्याखाली येऊन ऐकणं फार वाईट. पिशवी एका हातानं उचलता यायला हवी, दुसऱ्या हातात मूल असेल किंवा आजीचा हात असेल. किल्ली लावून बंद कपाटात ठेवली असेल तर किल्ली कुठे आहे हेही दोघांना ठाऊक असू द्या. तीत थोडी रोख रक्कम, घराच्या किल्लीची जोड आणि माणसांचे अलीकडचे फोटो ठेवा. ताटातूट झाली तर शोधणाऱ्याला दाखवायला फोटो लागतो. पिशवी घ्यायला परत आत जायचं मात्र नाही, आग असो वा पाणी. यादीची प्रत बाहेर ठेवली ती याचसाठी.

भिजलेच तर

घड्याळ पाहा. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, उकाड्यात त्याहून लवकर. ओला गठ्ठा ओढून सुटा करू नका, भिजलेला कागद स्वतःच्याच वजनानं फाटतो. चिखल असेल तर कागद स्वच्छ थंड पाण्यात अलगद धरून तो सुटू द्या, घासू नका. सुटे होतील ते कागद टीपकागदावर किंवा कोऱ्या पांढऱ्या सुती कपड्यावर पसरा, पंखा लावा, पण वारा सरळ कागदावर येऊ देऊ नका. वर्तमानपत्रावर ठेवलं तर त्याची शाई उतरते. कडक ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यातलं काहीही नको. कागद वाकडा होतो, लेझर प्रिंटची अक्षरं वितळून शेजारच्या पानाला चिकटतात.

गठ्ठा मोठा असेल आणि दोन दिवसांत हात पुरणार नाहीत असं दिसलं, तर तो झिपच्या पिशव्यांत थोडा थोडा विभागून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि शाई पसरायची थांबते. नंतर एकेक पिशवी काढून सावकाश सुकवता येते. घरगुती वाटतो, पण हा उपाय मोठ्या ग्रंथालयांतही करतात. सेंट लुईसच्या त्या आगीत भिजलेले कागद सुकवायला तर अवकाशयानांच्या चाचणीसाठी बांधलेला निर्वात कक्ष वापरला होता, आणि भिजलेल्या, होरपळलेल्या सुमारे ६५ लाख फाइली तिथून परत मिळाल्या.

फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. चकचकीत बाजू एकदा वाळून चिकटली की सुटत नाही. काही वेळ हात रिकामे नसतील तर त्यांना स्वच्छ थंड पाण्यातच राहू द्या, दोन दिवसांच्या आत मात्र काढा. मग चित्राची बाजू वर करून, एकमेकांना न लागू देता पसरा. आणि हे सगळं करण्याआधी, ओल्या अवस्थेतच, प्रत्येक कागदाचा फोटो घ्या. सुकताना शाई आणखी पसरली तर आकडा निदान फोटोत राहील.

कागद गेलेच असतील तर पोलिसांत नोंद करून पोच घ्या आणि तिच्या तीन-चार झेरॉक्स काढा. पुढे प्रत्येक ठिकाणी ती मागतात. मग आधी ओळखपत्र, त्याच्या जोरावर सिम आणि बँक, आणि त्यानंतर बाकीचं. वही उघडून एकेक ओळ टिकमार्क करत जायचं.

मावशी दर वर्षी एक ठरलेला दिवस ती वही काढून बसते. मुदत संपलेले कागद खोडते, बदललेले फोन नंबर लिहिते, पेन ड्राइव्ह लावून दोन-चार फाइली उघडून बघते, आजोबांच्या गोळ्यांचं पान नव्यानं लिहिते. मग पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घालते आणि बदललेल्या पानांच्या झेरॉक्स आमच्याकडे पाठवते. आईच्या त्या हिरव्या फाइलमधून वाचलेला दाखलाही आता तिच्या वहीत आहे, आईच्या नावच्या पानावर, तिसरी ओळ.